राज्जीचा वाटा

गुरमेज कौर सकाळची पहिली रोटी तव्यावरून उतरवायची ती मेलेल्या मुलीसाठी. गरम असतानाच तूप-शक्कर घालून ती चुरायची, वाटीत भरायची आणि वाटी जिवंत मुलीच्या हातात द्यायची. "खा, पुत्त. तू खाल्लंस की तिला पोचतं." आमच्या दोन घरांमधली भिंत खांद्याएवढी. लुधियान्याजवळच्या या गावात सून म्हणून आल्यापासून त्या भिंतीवरून मी सगळं बघत आलेय, हेही बघितलं.

मेलेली ती राज्जी, थोरली. गेली तेव्हा अकराची होती आणि दिसायची सहाची. पोट नगाऱ्यासारखं, हातपाय काड्या, कुल्ल्यांची कातडी लोंबत होती, आणि दिवसभर परसाकडे धावायची. गाव म्हणे सोकडा, म्हणजे पोर वाळत जातं तो आजार. गुरमेजच्या सासूला सगळे बेबे म्हणायचे. ती म्हणाली, परछावां. कुण्या वाईट बाईची सावली पडलीय, ती पोरीला आतून चोखतेय. ताईत झाले, अंगारे झाले, पोर गेली. शेवटी शेवटी ती तोंडच उघडत नसे. दात आवळून बसायची.

गुरमेज तोवर मोठ्या हाडाची, मोठ्या आवाजाची बाई होती. ट्रॅक्टर चालवायची, म्हशींना नवऱ्याच्या नात्यातल्या बायकांची नावं ठेवायची आणि त्याच नावांनी शिव्या द्यायची. राज्जीनंतरही हसायची, पण हसता हसता मागे वळून बघायची.

धाकटी हरनीत सतरा वर्षांची झाली आणि तिचंही तसंच सुरू झालं. पोट फुगणं, जुलाब, केस गळणं. मी कॉलेजात इतिहास शिकवायचे, ती माझ्याच वर्गात होती. तास अर्धा होतो न होतो तोच तोंड पांढरं करून उठायची. पहिला डॉक्टर म्हणाला जंत. दुसरा म्हणाला रक्त कमी. तिसऱ्याने आतड्याचा क्षय ठरवून महिनोन् महिने गोळ्या चारल्या, त्याने होती तीही भूक गेली. चौथ्याने चष्मा पुसत सांगितलं, "हे मनाचं आहे. लग्न लावून द्या."

"नवरा कधी घ्यायचा," मी विचारलं, "जेवणाआधी की नंतर?"

तो चिडला. चिडू दे.

एक गोष्ट मात्र सगळ्यांना दिसत होती. सुट्टीत हरनीत जम्मूपलीकडे डोंगरात मावशीकडे जायची आणि गाल भरून परत यायची. घरी आली की थोड्याच दिवसांत पुन्हा चिपाड. बेबेने याचाही अर्थ लावला. "राज्जी या घरात आहे. वाटेतली नदी ओलांडता येत नाही तिला. बहिणीला घेऊन जाणार."

"का, बेबे? जम्मूच्या बसचं तिकीट मिळत नाही तिला?"

बेबेने माझ्याशी बोलणं टाकलं. पण गुरमेज हसली नाही. संध्याकाळी भिंतीपाशी येऊन हळूच म्हणाली, "भैणजी, ती मला दिसते. नळाशी उभी असते, दात आवळून. बोलत काही नाही. नुसती हरनीतच्या वाटीकडे बघते."

"मग?"

"मग काय! उपाशी असेल म्हणून मी आता दोन वाट्या चूरी करते. दोन्ही हरनीतला भरवते. ही पण गेली तर, भैणजी, मी त्या नळाशी जाऊन काय सांगू?"

माझा भुतांवर विश्वास नाही. तरी ते वाक्य अजून मानेवर बसलंय.

मी मायलेकींना बसमध्ये घातलं आणि लुधियान्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथली डॉक्टरीण तरुण होती, केस कापलेली. गुरमेज कुजबुजली, "हिला काय कळणार? हिची आईच हिला भरवत असेल."

डॉक्टरणीने आधीचे कागद बाजूला सारले. "मावशीकडे बरी असतेस म्हणालीस. तिथे काय खातेस?"

"भात-राजमा. मक्याची रोटी."

"आणि घरी?"

हरनीतने आईकडे बघितलं. गुरमेजने छाती काढून सांगितलं, "घरचा गहू. रोटी, पराठे, चूरी. पोट बिघडलं की दलिया. भाताने काय ताकद येते?"

डॉक्टरणीने रक्त घेतलं, तोंडातून नळी घालून आतड्याचा तुकडा काढला. पुढच्या खेपेला आम्हाला समोर बसवून तिने सांगितलं, हिच्या आतड्याला गहू सोसत नाही. औषध नाही. गहू, जव आयुष्यभर बंद, की बरी होईल.

"भूत म्हणाली असतीस तर मानलं असतं," गुरमेज म्हणाली. "गहू? आमच्या कोठ्या भरल्यात गव्हाने!"

"त्यातलाच."

"दलियासुद्धा?"

"दलिया गव्हाचाच ना, बीबी?"

गुरमेजने ओढणी तोंडात धरली. मग ती टेबलाकडे बघत म्हणाली, "शेवटी ती तोंड उघडायची नाही. मी नाक दाबायचे. श्वासासाठी उघडलं की चमचा घालायचे."

डॉक्टरीण गोंधळली. "हरनीत?"

"नाही," मी म्हणाले. "दुसरी."

परतीच्या बसमध्ये हरनीत आईच्या खांद्यावर झोपली. गुरमेज खिडकीबाहेर बघत होती. दोन्ही बाजूंना उभा गहू, क्षितिजापर्यंत. तिने डोळे मिटून घेतले, पण मिटून तरी काय होणार.

घरी बेबेने कांगावा केला, "गुरुद्वाऱ्यातला प्रसादही नाही म्हणायचा? तोही कणकेचा असतो!" गुरमेज सासूला जन्मात पहिल्यांदा म्हणाली, "तुम्ही गप्प बसा." नवा तवा आणला, नवी परात. होळीपर्यंत हरनीतचे गाल भरले, आणि ते या घरात भरले. आज ती जम्मूला दोन मुलांची आई आहे.

पण मी सांगतेय ती त्या पहिल्या सकाळची गोष्ट. भिंतीवरून बघितलं. गुरमेजने नव्या तव्यावर मक्याच्या रोट्या थापल्या. चूरी केली, दोन वाट्या. एक हरनीतला दिली. दुसरी घेऊन ती स्वतः नळाशी गेली आणि ओल्या फरशीवर मांडी घालून बसली. घास उचलून समोर धरला, अकरा वर्षांच्या पोरीचं तोंड असेल तेवढ्या उंचीवर.

"ही मक्याची आहे, पुत्त," ती म्हणाली. "नाक नाही दाबणार. तूच उघड."

आता म्हातारी झाली, गुडघे वाकत नाहीत, तरी रोज बसते. हात तसाच धरून ठेवते, कापायला लागेपर्यंत. मी मान वळवून घेते. उघडलं का, हे मी तिला कधी विचारलेलं नाही.