आत्याबाईची रामाकोनावाली माय

वंशावळ हा शब्द आमच्या घरात तहसीलमधून आला. काकांच्या मुलाला जातीचा दाखला हवा होता आणि खिडकीवरच्या बाबूनं सांगितलं, बाप, आजा, पणजा, तीन पिढ्या लिहून आणा. काका कोरा कागद घेऊन माझ्याकडे आले. लिहायचं काम निघालं की सगळे माझ्याकडेच येतात. बाबांच्या लोखंडी पेटीत सभांची, मोर्चांची, शिबिरांची जुनी पत्रकं भरलेली आहेत. मी अक्षरं शिकले ती त्यांच्यावर, आणि दहावीपासून इथल्या, मध्य प्रदेशच्या सीमेवरच्या पांढुर्ण्यातल्या आमच्या विहाराची पत्रकं मीच लिहिते. तीन नावं लिहायला मला तीन मिनिटं लागली. काका गेले, मी मात्र त्यावरच विचार करत बसले. सरकारनं विचारलं म्हणून आम्ही तीन पिढ्या आठवल्या. त्याच्या मागचं, त्याच्या आजूबाजूचं, कोणी कधी विचारलंच नव्हतं.

मग मी ठरवलं, सगळ्या खानदानाचा तक्ता करायचा. बुद्धपौर्णिमेला सौंसर, लोधीखेड्याहून सगळे नातेवाईक आमच्याकडे जमतात, तेव्हा तो भिंतीवर लावायचा. बाबा नगरपालिकेत आहेत. त्यांनी कुठल्याशा कार्यक्रमाचा जुना फ्लेक्स आणून दिला. पाठ कोरी पांढरी, एक भिंत भरेल एवढी.

महिनाभर मी वही घेऊन फिरले. सुरुवातीला लोक म्हणत, आम्हाला काय माहीत, आम्ही अडाणी. एकदा बोलायला लागले की चहा थंड व्हायचा. एकानं सांगितलं, आपण काटोलकडून आलो, सरकी काढायच्या कामाला. दुसऱ्यानं सांगितलं, वरूडकडून, आणि कामाला नाही, भावाभावात भांडण झालं म्हणून. बाबांचे एक लांबचे चुलते हसत म्हणाले, "आपण कोठूनच आलो नाही बापा. आपण इथंच बसून होतो, राज्याची सीमा सरकली. सकाळी उठलो तं हिंदीत पाटी."

लोधीखेड्याचे मोठेबाबा सगळ्यात रंगून सांगत होते. पणज्याचा बाप गावचा कोतवाल होता, हातात घुंगराची काठी होती, पाटीलसुद्धा त्याला वाट देत असे. आतून त्यांच्या बायकोचा, मोठ्याईचा आवाज आला, "परवा सांगून राहिले होते का चपराशी होता. आज कोतवाल झाला. उद्या येशीन तं ठाणेदार करून ठेवतीन." मोठेबाबांनी घसा साफ केला आणि मला म्हणाले, "कोतवालच लिही." मी लिहिलं.

पुरुषांची नावं अशी मिळाली. बायकांचं विचारलं की गाव मिळायचं. त्याची बायको मोहगाववाली. धाकट्याची जामसावळीवाली. आमच्याकडे सून आली की तिच्या माहेरच्या गावानंच तिला हाक मारतात, सासू मारते, जावा मारतात, गल्ली मारते. माझी स्वतःची आई गल्लीला लोधीखेडावाली आहे. ही हाक जन्मापासून कानावर होती, म्हणून मी एकदाही पेन थांबवलं नाही. आठ मार्चच्या पत्रकात बाईच्या स्वतंत्र ओळखीवर दोन परिच्छेद लिहिणारी मी, तक्त्यावर एकामागून एक गावं मांडत गेले. पणज्याच्या शेजारच्या चौकोनात लिहिलं, रामाकोनावाली. तिच्याखाली चार मुलं. सगळ्यात मोठी आत्याबाई, मग माझे आजोबा, मग दोन भाऊ.

पौर्णिमेला विहारात वंदना झाली, खीर झाली, आणि दुपारी सगळे आमच्या घरी कूलरसमोर दाटीवाटीनं बसले. भिंतीवर तक्ता होता. लोक आपापलं नाव शोधत होते. ज्याचं सापडे तो दुसऱ्याला बोलावून दाखवे. मोठेबाबांनी कोतवालाच्या चौकोनाखाली उभं राहून फोटो काढून घेतला.

आत्याबाई म्हणजे आजोबांची मोठी बहीण. चारही भावंडांत आता तीच उरली आहे. सौंसरला दिली होती. संत्र्याच्या बागांत तोडणीला जाऊन तिनं तीन मुलं वाढवली. ऐंशीच्या घरात आहे, अजून ताठ चालते. घरातले लहानथोर तिला आत्याबाईच म्हणतात. वाचायला येत नाही, सही येते. ती तक्त्याजवळ आली आणि मला म्हणाली, "वाच बरं. बोट ठेवून वाच."

मी वाचत गेले. ती ऐकत गेली. मग म्हणाली, "याच्यात माही माय कोठी हाय?"

मी बोट ठेवलं. "ही. रामाकोनावाली."

"हे तं माही मावशी होय."

मला वाटलं तिचा गोंधळ होतो आहे. "अगं, ही पणजी. आजोबांची आई."

"तुह्या आज्याची माय. माही मावशी. माही माय तिच्या आंधी आली होती. ते बी रामाकोन्याचीच."

बाबा उठून आले. त्यांनाही हे माहीत नव्हतं. मग आत्याबाईनंच सांगितलं, ती दोन वर्षांची असताना तिची आई वारली. पोर लहान, म्हणून त्याच घरातली धाकटी बहीण पणज्याला दिली. ती आली, तिलाही रामाकोनावालीच म्हणायला लागले. एक हाक गेली आणि तिच्याच जागी तीच हाक आली. पुढच्या पिढीला दोघी मिळून एकच बाई उरली, आणि मी तिच्याभोवती निळ्या मार्करनं चौकोन काढला होता.

"मग तुझ्या आईचं नाव काय?" मी विचारलं.

आत्याबाई तक्त्याकडे बघत होती. "तेच तं तुले पुसून राहिली. तू साऱ्याईचं लिहिलं, मले वाटलं तिचंही सापडलं असीन."

काका म्हणाले, "आता एवढ्या वर्षांनी कोण सांगीन आत्याबाई. काही तरी साजरं नाव लिहून टाकू. कोणाले समजते?"

"मले समजते," ती म्हणाली. तिनं खिरीची वाटी उचलली आणि आत जाऊन घासायला बसली. बायका हातातून घ्यायला लागल्या तरी दिली नाही.

दोन दिवसांनी मी आणि ती रामाकोन्याला निघालो. सौंसरपर्यंत एक बस, तिथून दुसरी. पिशवीत मामीसाठी लुगडं आणि चिवडा होता. मामी म्हणजे तिच्या आईच्या भावाची बायको. माहेरच्या त्या पिढीतलं तेवढंच माणूस जिवंत होतं. बसमध्ये मी तिला विचारलं की इतक्या वर्षांत कोणाला विचारलं का नाही.

"मले मालूम कधी झालं? माह्या लग्नात. हळद लावता लावता एक बाई बोलून गेली का हिची माय राहिली असती तं आज पाहाले भेटलं असतं. मी म्हटलं, माय तं समोर बसून हाय. मंग समजलं. बापाले पुसता येत नव्हतं. तो बायकोचं नाव घेणाराच नव्हता, ना मेलेलीचं, ना जित्तीचं. अन् मायले पुसलं असतं तं तिले वाटलं असतं का पोरगी मले माय मानत नाही. तिनं माह्यात अन् पोट्टेईत कधी भाकरीएवढा फरक केला नाही. मंग कसं पुसाचं?"

"ती गेल्यावर?"

"ते गेल्यावर कोणाले पुसाचं?"

मामीच्या नातवानं दार उघडलं. जयभीम झालं, पाणी झालं. मामी ओसरीत खाटेवर बसली होती, लहानशी, केस कापलेले, कानानं थोडी कमी. आत्याबाईला ओळखायला तिला वेळ लागला. ओळखल्यावर तिनं तिचा हात धरला तो शेवटपर्यंत सोडला नाही. मी वही उघडली आणि मोठ्यानं विचारलं, तुमच्या मोठ्या नणंदेचं नाव काय.

"पांढुर्णावाली," मामी म्हणाली.

"ते सासरचं गाव झालं, मामी. नाव."

"हाव नं. मोठी पांढुर्णावाली, धाकटी पांढुर्णावाली. मोठीले मी पाहिलंच नाही. मी लग्न होऊन आली तं ते मेली होती."

म्हणजे सासरी ती रामाकोनावाली आणि रामाकोन्यात पांढुर्णावाली. ज्या घरी असेल तिथे दुसऱ्या गावची. माझं डोकं तापलं. मी म्हणाले की हे चूक आहे, माणसाला नाव असतं, जनावरालासुद्धा आपण नावानं बोलावतो, आणि घरात आलेल्या बाईचं नाव कोणी विचारत नाही, हा अन्याय आहे. आणखीही बरंच म्हणाले. नातू दारात उभा राहून ऐकत होता. आत्याबाई खाली बघत होती.

मामी शांतपणे म्हणाली, "भडकून काहून राहिली वो पोरी? माह्यं नाव पुसलं का तू?"

मी विचारलं नव्हतं. घरात आल्यापासून मी तिला मामी, मामी करत होते, आणि वहीत तिच्या नावाच्या जागी काय लिहिलं होतं ते मलाच माहीत होतं. मामी, रामाकोना. मी वही मिटली आणि विचारलं.

तिनं नाव सांगितलं. नातू हसला. "आजी, हे तर मले बी मालूम नव्हतं."

"तुले कोठून मालूम राहीन? ते हाक मारणारी गेली. माही सासू मले नावानं आवाज देये. सुनेले नावानं बोलावणारी गावात ते एकच. लेकीईले बी नावानंच." मामी एकदम थांबली. मग आत्याबाईकडे वळून म्हणाली, "बाई, सासूचं एक होतं. तुही मावशी माहेराले आली का सासू तिले आवाज देये. तं तोंडातून पहिले दुसरंच नाव निंघे. मोठीचं. मंग थांबे, मंग धाकटीचं नाव घेये. दरखेपी तसंच."

"अन् मावशी?" आत्याबाईनं विचारलं.

"ते पहिल्याच नावाले ओ देये. उगीच मायले दुरुस्त करत नसे. उठून जाये."

"काय नाव होतं?"

मामीनं सांगितलं. तीन अक्षरं. आत्याबाईनं ते हळूच म्हणून पाहिलं, मग पुन्हा एकदा. मला खात्री करून घ्यायची खोड आहे. मी म्हणाले, "मामी, नक्की ना? तुम्ही तर त्यांना पाहिलंही नाही."

"नाही पाहिलं. पण जित्त्या लेकीले आवाज देता देता ज्या लेकीचं नाव तोंडात येते, ते नाव खोटं राहीन काय?"

मी वहीत लिहिलं. आत्याबाईनं लुगडं मामीच्या मांडीवर ठेवलं. दोघी बराच वेळ बोलत बसल्या, गुडघेदुखीबद्दल, सुनांबद्दल, सौंसरच्या बाजारात भाजी किती महाग झाली त्याबद्दल. त्या नावाचा विषय पुन्हा निघाला नाही. निघताना मामीनं तिला दारापर्यंत सोडलं आणि मला म्हणाली, "माह्यं बी लिहिजो."

पांढुर्ण्याला आल्यावर मी तक्ता खाली उतरवला. रामाकोनावालीचा चौकोन खोडून दोन केले. आत्याबाई म्हणाली, आईचं नाव ती स्वतः लिहील. मी कागदावर मोठ्या अक्षरांत काढून दिलं. ती दोन दिवस जेवणं झाली की कागद घेऊन बसायची आणि गिरवायची. सही शिकतानासुद्धा एवढं गिरवलं नव्हतं, म्हणाली. मग मार्कर घेऊन ती फ्लेक्सवर वाकली. पहिलं अक्षर चौकोनात बसलं, दुसरं अर्धं, तिसरं बाहेर पडून थेट आजोबांच्या डोक्यावर गेलं. बाबा म्हणाले, दुसरा फ्लेक्स आणतो. तिनं मान हलवली. "राहू दे. लहान भाऊच तं होय. तो सरकून घेईन."

शेजारच्या चौकोनात मी तिच्या मावशीचं, मामीकडूनच विचारून आणलेलं नाव लिहिलं. मग आत्याबाईच्या चौकोनातून वर जाणारी रेघ आईकडे वळवली आणि मावशीकडची जुनी रेघ खोडायला व्हाइटनर उघडलं.

"ते काहून मोडून राहिली?"

"तू आईच्या खाली येशील ना आता."

"दोघीईच्या खाली येईन. मायचं नाव पाहिजे होतं मले. मावशीले काढून पाहिजे नव्हतं." तिनं व्हाइटनर माझ्या हातातून घेतलं आणि झाकण लावलं. "तुह्या तक्त्यात दोन रेघा चालत नाही काय?"

आता तिच्या चौकोनातून वर दोन रेघा जातात. वंशावळीच्या कुठल्या फॉर्ममध्ये अशा दोन रेघा बसणार नाहीत. बाकीच्या गावांवर मी कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या आहेत आणि वही घेऊन पुन्हा फिरते आहे. लोधीखेड्याच्या मोठ्याईचं नाव कळलं तेव्हा मोठेबाबा तोंड फिरवून बसले होते. तिनंच सांगितलं, आणि वर म्हणाली, "लिही, अन् कोतवालाहून मोठं लिही."

या सगळ्यावर मी पत्रक काढणार होते. आत्याबाईला सौंसरच्या बसमध्ये बसवताना तिला तसं सांगितलंही. ती म्हणाली, "हकीकत लिहायची तं लिही. नाव नको घालू. पत्रकात लोक फुटाणे बांधतात. ते भिंतीवरच राहू दे. ज्याले पाहिजे तो घरी येईन."

म्हणून ते इथे नाही.