सोपानाचा खांदा आणि वस्तादांचं जातं

खट्!

हा आवाज अजून माझ्या कानात आहे. चाकणजवळच्या आमच्या तालमीतल्या गोष्टी घामासारख्या, पुसाव्या तितक्या येतात. त्यातल्या या सोपान पैलवानाच्या.

सोपानानं देवळातली घंटा वाजवायला हात वर केला आणि खट् करून खांदा निखळला. आमचे वस्ताद हाडंही बसवायचे. त्यांनी गप्पांत गुंगवून खांदा बसवला. म्हणाले, "आता देवाला खालनंच नमस्कार कर. त्याला पोचतो!"

* * *

महिन्यात चौथ्यांदा खांदा निखळला तेव्हा सोपानाची आई भांडायला आली. "तुमच्या तालमीनं पोराचे सांधे ढिले केले!"

वस्ताद म्हणाले, "वैनी, जरा तुमचा अंगठा मनगटाकडं वाकवा."

अंगठा थेट मनगटाला टेकला!

"बघा. माल घरचाच हाय!"

आईलाच हसू आवरेना.

* * *

सोपानाला पिंपरीच्या नव्या कारखान्यात लागायचं होतं. वडील नव्हते, घर त्याच्यावरच. पण भरतीआधी कंपनीचा डॉक्टर हात वर करायला लावतो, असं कळलं. तिथं खट् झालं की संपलं!

आम्ही म्हणालो, खांदा ताणून मोकळा करू. वस्ताद चिडले. "सैल दोरी अजून वढता व्हय? तिला पीळ भरा!"

जोर-बैठका बंद. वस्तादांनी घरातलं जातं ओसरीवर आणलं. त्यांची कारभारीण गेल्यापासून ते कोपऱ्यात पडून होतं. कोपर अंगाशी धरायचं आणि रोज सावकाश दळायचं. हळूहळू गावातल्या बायकांची दळणंही सोपानाकडं यायला लागली.

पैलवान दळतोय म्हटल्यावर पोरं सोडतात का? एकानं टोमणा मारला, "सोपानराव, एखादी ओवी होऊ द्या!"

"म्हणतो की. सकाळच्या भाकरीचं पीठ कुणी दळलं, ते आदी तुझ्या आईला इचार!"



* * *

भरतीच्या रांगेत मी सोपानाच्या मागेच होतो. डॉक्टरांनी त्याचा हात वर नेला, फिरवला, ओढला. मी डोळे मिटून घेतले. आवाज आलाच नाही!

"व्यायाम काय करता?"

"दळण, सायेब."

"कोणाचं?"

"निम्म्या गावाचं!"

डॉक्टर हसत हसत म्हणाले, "फिट आहे. घ्या."

* * *

त्याच संध्याकाळी आम्ही वस्तादांकडे गेलो. सोपान पाया पडला. "वस्ताद, सोमवारपासनं शिफ्ट. खांदा बरा झाला. आता जातं आत ठिवू?"

वस्तादांनी जात्यावरून एकदा हात फिरवला. मग आत गेले. ओंजळभर ज्वारी आणून त्यांनी जात्याच्या तोंडात घातली, खुंटा सोपानाच्या हातात दिला आणि तालमीकडे चालू लागले.