चौथ्या मजल्यावरचा नळ

तुम्हाला म्हणून सांगते, काही माणसांना खोटं बोलणं जन्मात जमत नाही. माझी शेजारीण त्यातलीच. जन्मभर लोकांच्या कपड्यांना इस्त्री केली, आज ह्या घरमालकाची खोली तर उद्या त्याची, पाणी कायम कुणाच्या तरी हौदावरून. उतारवयात आमच्या ह्या स्वस्तातल्या घरांच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर तिला हक्काचं घर लागलं, आणि तेव्हापासून बाईचे पाय काही जमिनीवर नाहीत. सतत लगबग, म्हणून सगळे तिला लगबगमावशी म्हणतात. मी शिवणकाम करते. आमच्या दोघींत एकच भिंत, तीही अशी की इकडे मी शिंकले की ती तिकडून ओरडते, "वाफ घे गं!"

घरं झकास, पण पंप मरतुकडा. चौथ्या मजल्यावर पाणी चढतच नाही. खालून बादल्या वाहून वाहून माझे गुडघे कुरकुरायला लागले. तेवढ्यात कळलं, राहणारे समाधानी आहेत का हे विचारायला एक सरकारी बाई येणार. प्रत्येक मजल्यावर एकच घर, आणि आमच्या मजल्यावर चिठ्ठी निघाली नेमकी मावशीची. झालं!

"मावशी, फक्त रडायचं," मी तिला पढवलं. "आपण खूश दिसलो, तर नवा पंप विसरा."

"रडते की! त्यात काय एवढं?"

बाई आली. मी इकडे भिंतीला कान लावून.

"स्वयंपाकघर कसं आहे?"

"अरुंद आहे हो फार," मावशी कळवळली. मी म्हटलं, शाब्बास! "इतकं अरुंद, की एका जागी उभं राहिलं की शेगडी, मोरी, डबे, सगळं हाताशी! राणीच्या तरी नशिबी असेल का असं?"

"भिंती?"

"पातळ. पण त्यामुळे एकटं म्हणून वाटत नाही."

"आणि नळ?"

"नळ फार देखणा! रोज घासते. बघा, तोंड दिसतं त्यात."

"पाणी?"

"ते खाली असतं."

मी कपाळावर हात मारून घेतला. आवाज पलीकडे गेलाच. "ही माझी शेजारीण," मावशी कौतुकानं म्हणाली.

आता मात्र माझं डोकं फिरलं. तरातरा गेले आत. "मावशी, अहो रडा ना!"

आणि मावशी खरंच रडायला लागली. "कशी रडू गं? आजवर दारात जो आला तो, खोली कधी सोडताय, हेच विचारायला आला. ही पहिलीच, जी विचारतेय, इथं बरं वाटतं का. हिच्यासमोर माझ्या घराला नावं ठेवू?"

मग मावशीनं डोळे पुसले. "अगबाई, पाहुणीला पाणीसुद्धा विचारलं नाही!" म्हणत बादली उचलली आणि निघाली लगबगत जिना उतरायला. बाई मागोमाग धावली. येताना तिनं मावशीच्या हातातली बादली हिसकून घेतली आणि स्वतः वर आणली. उंबऱ्यात फतकल मारून बसली ती, धापा टाकत.

"चहा टाकू?" मावशीनं विचारलं.

"आधी पंप टाकते," बाई कशीबशी म्हणाली.

आणि टाकला की हो! एका सकाळी भिंतीतला पाइप गुरगुरला. आता आमच्या मजल्यावर नळ कधी कुणी बंद केलाय? जे येतच नाही ते बंद कशाला करायचं? सगळ्या घरांतले नळ सताड उघडे! माझ्या मशीनखाली पाणी, जिन्यावरून पाणी, आणि खालच्या मजल्यावरचे लोक ओरडतायत, "अरे, वर काय चाललंय?"

मी माझा नळ बंद करून मावशीकडे धावले. मावशी नखशिखांत भिजलेली, दोन्ही हातांनी नळ धरून खदाखदा हसत होती.

"मावशी, बंद करा ना तो!"

"करते गं बाई, करते! पण आधी सांग तरी, हा बंद कुठल्या बाजूला होतो?"