दोन काँगोंमधलं अंतर

नामांतराच्या चळवळीची वर्षं होती. जयंतीला आमच्या बौद्धवाड्यात पूर्ण्याहून गायन पार्टी आली. त्यातल्या काँगोवाल्याचं, म्हणजे उंच ढोलांची जोडी हातानं वाजवणाऱ्याचं, नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही. तो सूर लावायला पान्यानं काँगोचे नट आवळत होता, तेवढ्यात पाटलांचा निरोप आला : आवाज बौद्धवाड्याबाहेर येऊ नये.

पार्टीतले पेटीवाले मामा घाबरले. "दोन्ही काँगो जवळच्या सुरात लाव. गोड वाजतील, गावाला टोचणार न्हाईत."

त्यानं धाकटा काँगो आणखी आवळला आणि मोठ्याच्या षड्जापासून थेट पंचमावर नेला.

"मामा, जवळ लावले की लांबून एकच वाजायलाय वाटतंय. आपण किती हावोत ते कळू द्या की गावाला!"

दुसऱ्या दिवशी पाटलांच्या गड्यानं मला हटकलं, "काल दोन ढोल वाजत होते का रे?"

"दोनच आणले होते," मी म्हणालो. "आमी लय हावोत."