वकीलसाहेबांच्या फायलीतला ठसा

मी शाळेत भूमिती शिकवतो. जे सिद्ध करता येत नाही ते फळ्यावर लिहायचं नाही, हा माझा शिरस्ता. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी हळूच उठून पुस्तकाकडे जातो. तेव्हा अद्भुत अनुभवांच्या या सदरात मी काही लिहीन असं कोणाला वाटलं नसतं — मला तर नाहीच. पण झालं ते असं झालं.

माझा थोरला भाऊ, दादा, नगरला कचेरीत कारकून होता. त्याला जुन्या नाण्यांचा नाद. बेलापूरच्या बाजारात हमीदचाचा कल्हईवाले बसत. मोडीच्या तांब्यापितळेत जुनी नाणी आली, की ती वितळवायला न पाठवता दादासाठी एका डब्यात टाकून ठेवत. दादा महिन्याकाठी जाऊन डबा रिकामा करून आणी. मग प्रत्येक नाण्याची कागदी पुडी. पुडीवर तीन ओळी: कुठे मिळालं, कोणाला मिळालं, केव्हा मिळालं. शिवाय नाण्यावर पातळ कागद धरून, शिसपेन्सिल घासून त्याचा ठसा घ्यायचा.

युद्ध संपलं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. एका रविवारी दुपारी दादा ठसा घेऊन माझ्याकडे धावत आला. "आत्ता घेतला रे! पाणी प्यायला उठलो, परत येतो तर नाणं नाही!" निजामशाहीचं तांब्याचं नाणं, आणि त्याच्या मते आजवर कोणी न पाहिलेलं. चाचांच्या डब्यातूनच आलं असणार, म्हणाला. आम्ही सतरंज्या झटकल्या, वहिनींनी धान्याचे डबे उपसले. तीन दिवस तो कागद हातात घेऊन शोधलं... ठसा मला पाठ झाला. फारसी अक्षरं, आणि उजवीकडे एका अक्षराला आडवा छेदणारा खोल घाव — खालच्या टोकाला माशाच्या शेपटीसारखा फुटलेला.

गावातले चार-पाच नाणी जमवणारे रविवारी एका वकीलसाहेबांकडे बसत. दादाने तिथे ठसा दाखवला, मीही बरोबर होतो.

"नाणं कुठाय?" वकीलसाहेबांनी विचारलं.

"हरवलं."

"अस्सं! मास्तर, पेन्सिल तुमच्या शाळेतली का हो?"

सगळे हसले. वकीलसाहेबांनी कागदावर त्या दिवसाची तारीख घातली, सही केली आणि तो फायलीत लावला. "राहू द्या इथेच. नाणं उगवलं की जोडी लावू."

दादा पुन्हा तिकडे गेला नाही. खोटा ठसा करणारा म्हणून त्याच्याशी कोणी नाण्यांची अदलाबदल करेना. पावसाळ्यात त्याला विषमज्वर झाला. शेवटच्या आठवड्यात एकदा म्हणाला, "तुला तरी पटतं का रे, नाणं होतं म्हणून?"

मी म्हणालो, "आधी बरा हो."

हो म्हटलं नाही. एवढंच त्याने मागितलं होतं.

दिवाळीनंतर लक्षात आलं, हमीदचाचांना दादा गेल्याचं कोणी कळवलेलंच नाही. ते आपले डबा भरत असतील! बाजाराचा दिवस पाहून मी गाडीने गेलो, स्टेशनवरून टांगा केला. दादाचं ऐकून चाचांच्या हातातला भाता सुटला. "गेले? आन् मी हितं डबा राखून बसलोय..."

त्यांनी डबा माझ्यापुढे सरकवला. तेवढ्यात एका शेतकऱ्याने धोतराचा सोगा सोडून सहा-सात चिखलाची नाणी तरटावर ओतली. "चाचा, बगा बरं. सकाळी इहीर खोदताना गावली."

चाचांनी एक उचललं, अंगठ्याने माती पुसली आणि सवयीने चिंचेच्या पाण्याकडे हात नेला. जुनं नाणं घासू नका, शेकडो वर्षांचा रंग एका क्षणात जातो, असं दादा त्यांना दर खेपेला सांगे. चाचा दर खेपेला विसरत.

मी वर्गातसुद्धा आवाज चढवत नाही. त्या दिवशी भर बाजारात ओरडलो — "चाचा, थांबा!"

"या अल्ला! मास्तर, इच्चू चावला का काय?"

मी नाणं त्यांच्या हातातून ओढलंच. फारसी अक्षरं. उजवीकडे आडवा घाव. खाली माशाची शेपटी! नाणं सगळं काळंहिरवं, आणि घाव तेवढा आतून लाल, चकचकीत.

"हा घाव कधीचा?" मी विचारलं.

शेतकरी हसायला लागला. "कधीचा म्हंजी? आजचाच की! माज्याच कुदळीचा हाय. खन्नकन वाजलं म्हून तर खाली बगितलं. न्हाईतर असल्या ढब्बू पैशाला कोन इचारतंय? गुरुजी, तुमी मातुर लईच येडं झालाय!"

झालोच होतो. त्याने मागितलं ते देऊन मी निघालो. परतीच्या गाडीत बसवेना, दारापाशी मूठ आवळून उभा राहिलो. वाटेतलं राहुरी काही दिसलं नाही. मध्येच मोठ्याने म्हणालो, "हो, दादा. हो!" शेजारचा माणूस म्हणाला, "मला म्हणालात?"

दिवेलागणीला वकीलसाहेबांनी फाईल काढली. कागदावर त्यांचीच सही, त्यांचीच तारीख. भिंग लावून त्यांनी रेघ न् रेघ ताडून पाहिली. "होतं तर नाणं! मास्तर, तुमच्या भावाला मी उगाच..." आणि भिंग घावावर थांबलं. तांबं उघडं पडून किती दिवस झाले, हे रंगावरून ओळखणारा माणूस तो.

"हा घाव ताजा आहे."

घासलाय म्हणून उजळ दिसतो, असं म्हणालो असतो तर दादा तिथेच सुटला असता. पण कोणाला पटणार नाही हे दिसत असताना त्यानेही खरं तेच सांगितलं होतं. मी म्हणालो, "आज सकाळचा. कुदळीचा."

"आणि माझी सही उन्हाळ्यातली..." त्यांनी भिंग खाली ठेवलं. फाईल मिटून टोपी घातली. "चला. तुमच्या वहिनींना भेटायचंय."

ते दारातच उभे राहिले, म्हणाले, "माझं चुकलं." वहिनी म्हणाल्या, "ते म्हणायचेच, तुम्ही एक दिवस याल."

या नाण्याची पुडी मीच केली. कुठे मिळालं? बेलापूर. कोणाला मिळालं? तिथे दादाचं नाव लिहिलं, हात जराही अडखळला नाही. केव्हा मिळालं?

ती ओळ अजून कोरी आहे.