बूड नसलेला डबा

डबेकाकांना किळस यायची ती उंदराची नाही, गटाराची नाही, सैल झाकणाची. कुणाकडे पाहुणे म्हणून गेले आणि आत स्वयंपाकघरात डब्याचं झाकण खडखडलं, की समोरचा चहा तसाच गार व्हायचा. असा वल्ली माणूस!

त्याला कारण होतं. काका स्वतः पितळी डबे घडवायचे. ऐन उमेदीत त्यांच्या दुकानात पोचा काढायला एक जपानी पितळी डबा आला होता, चहापत्तीचा. त्याचं झाकण वर नुसतं टेकवायचं. मग ते आपल्याच वजनानं सावकाश खाली उतरायचं, आतली हवा हुश्श करत बाहेर. काका बघतच राहिले. तसं झाकण जमवण्यात त्यांची तीन वर्षं गेली. जमलं, तेव्हा कुठे ते डब्याच्या बुडाला आपला ठसा मारू लागले. इवलीशी चिमणी.

आणि परवा पुतणी लॅपटॉप घेऊन दुकानात हजर. कॉम्प्युटरच्या खेळात लोक खोटी घरं सजवतात म्हणे, त्यांच्यासाठी ती शोभेच्या वस्तू करते.

“काका, तुमचाच डबा! उद्या साहेबांना दाखवणार. चिमणी बघून खूश होतील.”

पडद्यावर डबा झोकात उभा. चिमणी दर्शनी, अगदी कपाळावर.

काकांनी चष्मा पुसला. “झाकण काढ.”

“निघत नाही ते. सगळं एकसंध आहे.”

“मग आत काय?”

“काही नाही. म्हणजे... आतच नाही, काका.”

काकांचं तोंड कडू झालं. “आणि झाकणाच्या कडेला हा मळ?”

“जुना दिसावा म्हणून मीच लावला.”

“अगं शहाणे, रोज हात लागतो तिथं पितळ उजळतं! हा डबा काय कोपरानं उघडतात?”

“एवढं कोण बघतंय?”

“उलटा कर. बूड दाखव.”

पुतणीनं जीभ चावली. “फळीवरच राहणार ना तो... म्हणून बूड केलंच नाही.”

“शी!” काका उठले आणि खरोखर साबण लावून हात धुऊन आले. “झाकण बसल्याशिवाय ही चिमणी मी कधी उमटवली नाही. पुसून टाक.”

“अहो, पण मग हा डबा कुणाचा म्हणून सांगू?”

“पुस म्हणतो ना!”

तिनं पुसली. फुरंगटून म्हणाली, “घ्या. आता कुणाचाच नाही.”

“हं,” काका हात पुसत म्हणाले, “आत्ता खरं बोलला तुझा डबा.”