सेनगावात बसून हिंगोलीचं दार लावलं

माती परीक्षण केंद्रात मला ‘संगणक विभागप्रमुख’ म्हणायचे. विभागात मी एकटीच असल्यामुळे प्रमुख होणं फार अवघड गेलं नाही. प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढण्यापासून सर्व्हर सांभाळण्यापर्यंत सगळं माझ्याकडे. हा सर्व्हर हिंगोलीच्या केंद्रात जुन्या कोठीच्या खोलीत, मातीच्या नमुन्यांच्या पिशव्यांना टेकून उभा होता. सेनगाव आणि जवळा बाजारची उपकेंद्रं दुरून त्यावर लॉगिन करायची आणि शेतकऱ्यांचे अहवाल भरायची. हे दुरून आत येणं एसएसएच नावाच्या सॉफ्टवेअरवर चालतं. ते येणाऱ्याची ओळख विचारतं, पटली तर आत घेतं, आणि वाटेत कुणाला काही कळू नये म्हणून सगळं बोलणं सांकेतिक करून टाकतं.

एके दिवशी संगणक सुरक्षेच्या तपासणीवाल्यांचं पत्र आलं. आमचं एसएसएच जुनं आणि धोकादायक आहे, आठ दिवसांत नवं करा. साहेबांनी पत्राच्या कोपऱ्यावर ‘तात्काळ’ लिहून ते माझ्याकडे सरकवलं आणि स्वतःच्या वाटणीचं काम संपवलं.

अडचण अशी की आमची मशीनच इतकी जुनी होती की तिच्यासाठी तयार अपडेट यायचे बंद झाले होते. नव्या मशीनची मागणी मी तीनदा केली होती. तिन्ही वेळा ती ‘विचाराधीन’ झाली. विचार फार खोल चालला असावा. मग एकच वाट उरली. या सॉफ्टवेअरचा मूळ कोड सगळ्यांसाठी खुला असतो, तो आणायचा आणि आपल्याच मशीनवर बांधून बसवायचा. मी साहेबांना तसं सांगितलं.

“कोणत्या कंपनीचं आहे?” साहेबांनी विचारलं.

“कंपनीचं नाही सर. जगभरची माणसं मिळून लिहितात. कोणीही वाचू शकतो, वापरू शकतो.”

“म्हणजे गायरान!”

“तसंच समजा.”

“मग त्याच्यावर अतिक्रमण नाही होत?”

“सगळे बघत असतात म्हणूनच होत नाही सर. कुलूप कसं बनवलंय ते सगळ्यांना माहीत असतं. किल्ली मात्र ज्याची त्याच्याकडे.”

साहेबांनी मान हलवली. समजलं नाही की ते अशीच मान हलवायचे, आणि समजलं तरी अशीच.

कोड उतरवला. तो खरा लिहिणाऱ्यांकडूनच आलाय का, हे त्यांच्या डिजिटल सहीवरून ताडून पाहिलं. मग ‘कॉन्फिगर’ चालवलं. बांधायला लागणारं सामान घरात आहे का, ते बघण्याची ही पायरी. तिचा स्वभाव थेट सरकारी खिडकीचा. आधी म्हणाली, कोड मशीनच्या भाषेत उतरवणारा कंपायलर नाही. तो आणला. मग म्हणाली, एक लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा गठ्ठा, नाही. ती आणली, तर दुसरी आहे पण जुनी आहे. सगळी यादी एकदम सांगितली असती तर बिचारीचा अपमान झाला असता. माझे दोन दिवस यात गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी ती काही न मागता पुढे सरकली. मी ‘मेक’, म्हणजे बांधायचा हुकूम, लिहिला आणि पडद्यावर ओळींचा लोंढा सुरू झाला.

आवक-जावकचे बाबू चहाचा कप घेऊन मागे उभे होते. “मॅडम, व्हायरस आला का काय?”

“नाही. सॉफ्टवेअर बनून राहिलंय.”

“इथं? आपल्या हापिसात?” त्यांनी खोलीभर नजर फिरवली. आपल्या कार्यालयात काहीतरी बनतं, ही गोष्ट त्यांना पचायला जड गेली. खरं सांगायचं तर मलाही. शेवटची ओळ एकही चूक न दाखवता थांबली तेव्हा मी उगाच खुर्ची मागे सरकवून उभी राहिले. एवढा आनंद मला पदवीच्या निकालाच्या दिवशीही झाला नव्हता.

मग बसवायचा हुकूम, ‘मेक इन्स्टॉल’, देऊन टाकला आणि साहेबांना अनुपालन झाल्याचं कळवलं. सेनगावला घरी येऊन सहज तपासलं तर दारात जुनंच एसएसएच बसलेलं. नवं वेगळ्या फोल्डरमध्ये जाऊन निवांत पडलं होतं, त्याला कामावर कोणी घेतलंच नव्हतं. जुनं थांबवून नवं सुरू करायला हवं होतं, आणि तेही उपकेंद्रं बंद असतील तेव्हा. मी साहेबांना म्हटलं, सुट्टीच्या दिवशी ऑफिसात येते.

“कशाला?” साहेब म्हणाले. “रिमोट आहे ना? घरूनच करा.”

रिमोटचा अर्थ साहेबांना कळला, तो नेमका त्या दिवशी.

सुट्टीच्या दिवशी सकाळी मी घरातल्या टेबलावर लॅपटॉप मांडला. सेटिंग्जची फाइल नीट लिहिली. ती बरोबर आहे का हे आधी तपासायची सोय असते. ती सोय नवशिक्यांसाठी असते असं मला वाटत होतं. मी जुनं थांबवलं आणि नवं सुरू करायला सांगितलं. ते सुरू झालं नाही. मी एका शब्दात एक अक्षर चुकवलं होतं.

तरी घाबरायचं कारण नव्हतं. मी आत होते, माझं आधीचं कनेक्शन जिवंत होतं. अक्षर दुरुस्त केलं की झालं. मी फाइल उघडली आणि सेनगावची लाइट गेली. राउटरचा दिवा विझला, तसं ते कनेक्शनही तुटलं. मोबाइलचं इंटरनेट जोडून पुन्हा आत जायला बघितलं. पण आत घ्यायला दारात कोणी नव्हतंच. जुन्याला मी घालवलं होतं, नव्याला येऊ दिलं नव्हतं. तपासणीवाल्यांना हवी होती त्यापेक्षा जास्त सुरक्षितता मी एका सकाळी आणून दाखवली. हिंगोलीच्या सर्व्हरमध्ये आता कोणीच शिरू शकत नव्हतं, मी धरून.

आईने विचारलं, “काहून तोंड उतरलं?”

“हिंगोलीला जाते.”

“आत्ता तं म्हणत होतीस, घरूनच काम आहे!”

जीपमध्ये मागच्या बाकावर जागा मिळाली. वाटेतून कोठीची किल्ली असलेल्या शिपाईकाकांना फोन लावला. मागून बकऱ्यांचा आणि भाव करणाऱ्यांचा आवाज येत होता.

“मी तर जवळ्याच्या बाजारात हाय मॅडम. काय जळलं का?”

“जळलं नाही काका. बंद पडलंय.”

“मंग उद्या बघू की.”

“उद्या दोन्ही उपकेंद्रं बंद राहतील. साहेब मला विचारतील.”

“बरं, येऊन राहिलो. टमाटे घेतो अन् निघतो.”

टमाटे भारी निवडक असावेत. दोन तास मी केंद्राच्या पायरीवर बसून होते. काका आले, पिशवी खाली ठेवली, किल्ली काढली. आत सर्व्हर शांतपणे चालू होता. पण त्याचा कीबोर्ड जागेवर नव्हता. बाबूंचा बिघडला म्हणून त्यांनी तो ‘तात्पुरता’ नेला होता, बहुधा दिवाळीच्या आधी. काकांनी बाबूंच्या टेबलावरून तो उपटून आणला आणि धूळ शर्टाला पुसली.

मी ते अक्षर नीट केलं. या वेळी तपासायची सोय मुकाट्याने वापरली. मग नवं सुरू केलं आणि मोबाइल जोडलेल्या लॅपटॉपवरून बाहेरूनच आत जाऊन पाहिलं. घेतलं त्याने.

“झालं?” काका म्हणाले.

“झालं.”

“एवढंच व्हतं?”

“एवढंच होतं काका.”

त्यांनी मला चार टमाटे दिले. मी ते लॅपटॉपच्या पिशवीत टाकले.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला बोलावलं. त्यांचा पासवर्ड चालत नव्हता. तो त्यांच्या टेबलाच्या काचेखाली मोठ्या अक्षरात लिहिलेला असे, आणि माती घेऊन येणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला तो पाठ होता. नव्या रचनेत मी पासवर्डने येणं बंद केलं होतं. आता प्रत्येकाची स्वतंत्र डिजिटल किल्ली; उपकेंद्रांच्या मी आधीच करून ठेवल्या होत्या.

“माझ्याच ऑफिसात मला बंदी?”

“नाही सर, तुमची किल्ली करून देते. फक्त तिच्यासाठी एक गुप्त वाक्य ठरवा. कुणाला सांगू नका.”

साहेबांनी डोळे मिटून बराच विचार केला. मग बेल वाजवून बाबूंना बोलावलं आणि म्हणाले, “लिहून घ्या.”

बाबूंनी पेन काढलं. पहिल्याच शब्दावर ते अडले. “सर, ऱ्हस्व की दीर्घ?”